गावाचा वेळ आणि विद्यापीठाचे श्रेयांक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील पदवीच्या अभ्यासक्रमांची रचना अलीकडे पुष्कळ बदलली आहे. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून विद्यार्थ्याला मुख्य विषयाच्या जोडीने क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय-सहभाग या सदरांखालीही श्रेयांक मिळवावे लागतात. त्याआधी, २०२० साली, विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांच्या सामाजिक बांधिलकीविषयी एक आराखडा प्रसिद्ध केला होता. दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम असावा आणि त्यातील निम्मा वेळ तरी प्रत्यक्ष लोकांमध्ये घालवावा, अशी त्यातली सूचना आहे. आजवर जी समाजसेवा वर्गाबाहेर, फावल्या वेळात आणि हौसेने होत होती ती आता गुणपत्रिकेवर आली. पुरोगामी वर्तुळात याचे स्वागत झाले आणि ते अगदीच अनाठायी नव्हते. विद्यापीठाने गावाकडे पाठ फिरवू नये, ही मागणी समाजवादी चळवळ फार वर्षांपासून करीत आली आहे. परंतु एखादी जुनी मागणी मान्य झाल्यासारखी दिसते तेव्हाच तिचा हिशेब अधिक काळजीने तपासावा लागतो.

तीस तासांचे निम्मे म्हणजे पंधरा तास. एस.टी.च्या प्रवासासकट हे पंधरा तास तीन-चार फेऱ्यांत संपतात. त्यातली पहिली फेरी सरपंचांच्या सत्कारात, शाल-श्रीफळात आणि छायाचित्रात जाते. उरलेल्या फेऱ्यांत प्रश्नावली भरून घ्यायची. आता केवळ हिशेबासाठी असे समजावे की, पाचशे विद्यार्थी आहेत, दोनशे उंबऱ्यांचे एक ‘दत्तक’ गाव आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने दहा कुटुंबांची माहिती आणायची आहे. म्हणजे पाच हजार मुलाखती झाल्या. एका उंबऱ्याच्या वाट्याला पंचवीस आल्या. एका मुलाखतीला अर्धा तास धरला तरी एका घराचे साडेबारा तास गेले. मोलमजुरी करणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही दीड दिवसाची मजुरी आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला संधिखर्चाची व्याख्या शिकवतात. ज्या वर्गात ती शिकवली जाते त्याच वर्गाने गावाच्या वेळाची किंमत शून्य धरावी, हे चमत्कारिक आहे. प्रत्यक्षात इतक्या मुलाखती होतच नाहीत, बरेचसे तक्ते महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये एकमेकांचे पाहून भरले जातात, आणि गावाची सुटका होते ती त्यामुळे! पण मग जे शिक्षण व्हायचे होते तेही राहून जाते.

‘दत्तक’ हा शब्दही तपासून घेण्यासारखा आहे. जे गाव त्या महाविद्यालयाहून कित्येक शतकांनी जुने, ज्याच्या करातून आणि कष्टातून महाविद्यालयाचे अनुदान येते, त्याला दत्तक घेण्याची भाषा करणाऱ्याने आपली पायरी ओळखलेली नाही.

ही सारी कल्पना आपल्याकडे नवी नाही. रयत शिक्षण संस्था १९१९ साली निघाली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम व शिक्षण यांची सांगड वसतिगृहापासून महाविद्यालयापर्यंत नेली. १९३७ साली वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली. स्वातंत्र्यानंतर हा विचार सरकारी समित्यांच्या हाती गेला. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अशी शिफारस केली की, माध्यमिक शिक्षण पुरे करून विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी. एकेकाळी देशाची तिजोरी सांभाळलेल्या माणसाचा हा सल्ला होता. पण खर्च फार आणि अंमलबजावणी कठीण, म्हणून तो बाजूला पडला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा आग्रह धरला. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. आरंभी तिच्यात ३७ विद्यापीठे आणि ४० हजार विद्यार्थी होते. राव हेही मुळात अर्थशास्त्रज्ञच.

राष्ट्रीय सेवा योजनेला नावे ठेवणे सोपे आहे आणि ते बहुधा अन्यायाचे होते. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचे विशेष श्रमसंस्कार शिबिर. या शिबिरांमुळे शहरातील हजारो मुले गावाच्या शाळेत सतरंजीवर झोपली. पुष्कळ मुली आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर सात दिवस राहिल्या. हे थोडे नाही. योजनेचे न्यून वेगळ्या ठिकाणी आहे. शिबिरात सकाळी शोषखड्डा खणणारा अर्थशास्त्राचा विद्यार्थी सोमवारी वर्गात परतल्यावर घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त लिहून घेतो, आणि या दोन गोष्टींमध्ये कोणताही पूल नसतो. त्या गावात विहिरी कोणाच्या शिवारात आहेत आणि पाणी कोणाला विकले जाते, हा प्रश्न ना शिबिराच्या दैनंदिनीत येतो ना प्रश्नपत्रिकेत. योजनेने विद्यार्थ्याचे हात मागितले. त्याचा विषय मागितला नाही.

विषयच मागण्याचा एक मोठा प्रयत्न त्याआधी होऊन गेला होता, आणि त्याचा इतिहास कार्यकर्त्यांनी अवश्य अभ्यासावा. १९५६ च्या सुमारास केंद्र सरकारने देशभर काही ग्रामीण उच्च शिक्षणसंस्था सुरू केल्या. महाराष्ट्रात त्यांपैकी एक अमरावतीला होती आणि दुसरी कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीला, श्री मौनी विद्यापीठात. मौनी विद्यापीठाच्या उभारणीत जे. पी. नाईक यांचा वाटा होता. हेच नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. या संस्थांत ग्रामसेवेचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम होता आणि आसपासच्या खेड्यांतील काम हे त्या अभ्यासाचे अंग होते. कल्पना उत्तम होती. पण पदविका ती पदविका आणि पदवी ती पदवी! नोकरीच्या बाजारात आणि पुढच्या प्रवेशात पदवीचा मान मोठा होता. ग्रामीण घरातील ज्या मुलांसाठी ही संस्था काढली त्यांच्या आईबापांना हे चांगले कळत होते. त्यांनी पदवीची मागणी केली, आणि या संस्थांपैकी बहुतेक हळूहळू इतर महाविद्यालयांसारख्याच होऊन गेल्या. गांधीग्रामसारखा अपवाद १९७६ मध्ये अभिमत विद्यापीठ झाला. आईबापांनी केले ते योग्यच केले, असे म्हणावे लागते. सेवेचे शिक्षण वेगळ्या खोलीत ठेवले आणि त्या खोलीचा भाव कमी लावला, तर गरिबाचा मुलगा त्या खोलीत का थांबेल?

आज दोन श्रेयांकांची जी वेगळी खोली बांधली जात आहे तिचे भवितव्यही निराळे होण्याचे कारण दिसत नाही. मुख्य विषयाचा प्राध्यापक आपल्या पाठ्यपुस्तकात सुरक्षित. समुदाय-सहभागाचा भार ज्याच्या तासिका कमी पडतात त्याच्यावर. आणि विद्यार्थ्याच्या लेखी तो एक ‘सोपा पेपर’.

वस्तुतः मुख्य विषय गावात नेता येतो, याचा पुरावा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. गिल्बर्ट स्लेटर हे १९१५ साली मद्रास विद्यापीठात भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. आपल्याला या देशाची काही माहिती नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना सुटीत आपापल्या गावी जाऊन जमीन, पिके, मजुरी, कर्ज यांची पाहणी करायला सांगितले. त्यातून १९१८ साली दक्षिण भारतातील काही खेड्यांवरचा ग्रंथ निघाला. पुढे १९४० साली त्याच खेड्यांच्या फेरपाहणीचे पुस्तक आले, आणि नंतरच्या पिढ्यांतील संशोधकही त्यांतल्या काही गावांकडे पुन्हा पुन्हा गेले. यातली खुबी ध्यानात घेतली पाहिजे. विद्यार्थी स्वतःच्या गावी गेले होते. तिथे ते पाहुणे नव्हते, आणि प्राध्यापकांपेक्षा त्यांना अधिक कळत होते.

आपल्याकडे, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला. तो १९१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी जुनी दप्तरे चाळून दाखवले की, १७७१ साली सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले. १५६ खातेदारांकडे मिळून ७२९ तुकडे होते आणि त्यांतले ४६३ एक एकराहून लहान होते. जमिनीच्या तुकडीकरणाची चर्चा निघाली की हे आकडे वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिले. मुंबई राज्याचा तुकडेबंदी कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९४७ साली आला. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे, तिथे टोलेजंग इमारती उभ्या आहेत आणि एकराचा हिशेब कोणी करीत नाही. परंतु त्या गावाचा दीडशे वर्षांचा जमाखर्च उपलब्ध आहे, कारण एका महाविद्यालयाने आपला विषय आणि ते गाव यांना वेगळे मानले नाही.

आता एक प्रश्न असा येतो की, ‘समुदाय’ म्हणजे कोण? नव्या अभ्यासक्रमाची भाषा अशी की जणू विद्यार्थी एका बाजूला आहे आणि समाज दुसऱ्या बाजूला. विद्यार्थ्याने तिकडे जाऊन ग्रामीण वास्तवाचा परिचय करून घ्यायचा. मुंबई-पुण्यातील काही महाविद्यालयांना हे लागू पडेलही. पण बीड जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाचा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. वर्गातल्या काही मुलांचे आईवडील त्यांत असतात, काही मुले स्वतः जातात आणि मागच्या बाकांवर जागा रिकाम्या राहतात. या मुलीला ग्रामीण जीवनाचा परिचय करून देणारे पंधरा तास कोण देणार? ती वर्षातले पाच महिने त्या जीवनाचा कोयता हातात धरून असते.

आणि तिच्याजवळ जे ज्ञान आहे ते अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा कमी नाही. तोडणीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांचे मिळून एक एकक, दोघांची मिळून एक उचल, आणि ती मुकादमाच्या वहीत बहुधा नवऱ्याच्या नावावर. बाईची मजुरी वेगळी कुठे लिहिलेलीच नसते. उचल हंगामाआधी घेतलेली; ती टनामागच्या दराने फेडायची; एखादा दिवस काम चुकले की खाडा. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. श्रमाचा बाजार आणि कर्जाचा बाजार एकमेकांत कसे गुंतलेले असतात, यावर जगभर मोठे शोधनिबंध लिहिले गेले आहेत. या मुलीने आपल्या टोळीतील दहा कोयत्यांचा एका हंगामाचा हिशेब मांडला, किती टन तोडला, किती उचल, किती खाडे, हाती काय राहिले, तर तो श्रमाच्या अर्थशास्त्राचा प्रबंध होईल. त्याला मुख्य विषयाचे गुण मिळाले पाहिजेत, आणि हंगामातील तिची गैरहजेरी ही गैरहजेरी धरली जाऊ नये. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, शासनाला समिती नेमावी लागली. तो प्रश्न कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी पुढे आणला. विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमातून तो वर आलेला नव्हता. ज्या बायकांच्या शरीरावर हे घडत होते त्यांच्या मुली मात्र त्याच जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या पटावर होत्या.

इतर विद्याशाखांत काय होऊ शकते, याची काही उदाहरणे आहेत. कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी कार्यानुभवासाठी काही महिने गावात राहतात. ‘कृषिदूतां’नी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत नेहमी येतात. (शेतकऱ्याने कृषिदूताला काय दाखवले, याची बातमी कधी आल्याचे आठवत नाही.) मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये ग्रामीण तंत्रज्ञान-पर्यायांचे केंद्र १९८५ पासून आहे. त्यातील विद्यार्थ्यांनी कर्जत आणि ठाणे-पालघरकडील आदिवासी पाड्यांच्या पाणीयोजना अभ्यासाला घेतल्या. पावसाळ्यात जिथे चार महिने पाणी कोसळते तिथे मार्च-एप्रिलमध्ये टँकर का लागतो? टाकी किती उंचीवर आहे, नळ किती व्यासाचा, पंप किती तास चालतो, विजेचे बिल कोणी थकवले, व्हॉल्व्हची किल्ली कोणाकडे असते, हे सर्व मोजून मगच उत्तर देता येते. हे द्रवगतिशास्त्र आहे आणि राजकारणही आहे. प्रा. मिलिंद सोहोनी यांनी या दृष्टीचा सातत्याने पुरस्कार केला, आणि राज्य शासनाने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियानाद्वारे इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही या वाटेवर आणण्याचे ठरवले. इथे विद्यार्थी गावाचा झाडू हाती घेत नाही. त्याला जे येते, किंवा यायला हवे, ते घेऊन तो जातो.

परदेशी उदाहरण हवेच असेल तर मेक्सिकोचे आहे. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाने १९३६ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांना खेड्यांत पाठवायला सुरुवात केली आणि १९४५ च्या कायद्याने पदवीधरांना सहा महिन्यांहून कमी नाही अशी समाजसेवा बंधनकारक झाली. पंधरा तास आणि सहा महिने यांतील अंतर सांगण्यापुरतेच ते इथे पुरे.

परंतु सक्तीच्या आणि फुकटच्या श्रमाबद्दल समाजवादी माणसाने सावध असले पाहिजे. ज्या गावात आरोग्यसेविकेची जागा रिकामी आहे तिथे विद्यार्थिनींकडून आरोग्य-सर्वेक्षण करून घेतले की जागा भरण्याचा तगादा सैल पडतो. जे काम पगारी माणसाचे आहे ते श्रेयांकांच्या मोबदल्यात उरकून घेण्याचा मोह कोणत्याही शासनाला होईल. विद्यार्थ्यांनी जागा रिकामी असल्याने काय बिघडले ते मोजावे आणि लिहावे. ती जागा चालवू नये.

आणि अध्यापकांचे काय? हा सर्वांत अवघड भाग आहे व धोरणाच्या कागदांत तोच सर्वांत पातळ आहे. वरिष्ठ महाविद्यालयांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक गाडा ओढतात. त्यांना वर्गात घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. गावात मुलांना घेऊन जाण्याचा दिवस, त्याआधी गावकऱ्यांशी बोलून प्रश्न ठरवण्याचे चार दिवस, आणि नंतर तीस अहवाल दुरुस्त करण्याचे दहा दिवस, हे ‘तासिका’ या शब्दात बसत नाहीत. स्लेटर-मान यांची परंपरा अशा अध्यापकाकडून मागणे म्हणजे त्याच्या तुटपुंज्या मिळकतीतून विद्यापीठाने वर्गणी काढण्यासारखे आहे. म्हणून रिक्त पदे भरण्याची मागणी आणि समुदाय-सहभागाची मागणी एकाच निवेदनात गेली पाहिजे. पहिलीशिवाय दुसरी म्हणजे कागदी घोडे.

अशा परिस्थितीत तालुक्याच्या पातळीवर काय करता येईल? अभ्यासक्रम विद्यापीठाचे मंडळ ठरवते. पण गाव आणि प्रश्न कोणता, हे बहुतेक ठिकाणी महाविद्यालयाच्याच हाती असते, आणि त्या पोकळीत गावाला शिरता येते. ग्रामसभा वर्षातून निदान २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास भरतात. एखाद्या ग्रामसभेने ठराव करावा की, आमच्या गावात अभ्यास करायचा असेल तर त्याचा विषय ग्रामसभा सुचवील: रेशन दुकानाचे वाटप, पाणीयोजनेचा खर्च, वनहक्काचे प्रलंबित दावे, शाळेतील गळती, जे त्या गावाला जाचत असेल ते. अहवाल मराठीत लिहिला जावा आणि तो आधी ग्रामसभेत वाचला जावा. चुकीचे आहे ते गावकऱ्यांनी तिथेच सांगावे, आणि त्यांचे म्हणणे अहवालाला जोडल्याखेरीज गुण देऊ नयेत. अध्यापकाला यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. प्रबंधाला बाहेरचा परीक्षक लागतोच. ज्या गावांत आधीच पाहण्या झाल्या असतील त्यांनी जुने अहवाल मागवावेत. अनुदानित महाविद्यालयाने खळखळ केली तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. ते अहवाल वाचल्यावर काही ठिकाणी हसू येईल, काही ठिकाणी उपयोगी आकडे सापडतील.

काही कार्यकर्ते म्हणतील की ही अट घातली तर महाविद्यालये गावाकडे फिरकणारच नाहीत. काही फिरकणार नाहीत, हे खरे. पण ज्या प्राध्यापकांना खरोखर काम करायचे आहे, आणि असे प्राध्यापक प्रत्येक तालुक्यात एखाद-दुसरे तरी असतात, त्यांना ग्रामसभेचा ठराव हा आधारच होईल. प्राचार्यांपुढे आणि विद्यापीठापुढे ठेवायला त्यांच्या हाती एक कागद येईल.

१ मेच्या ग्रामसभेची विषयपत्रिका एप्रिलच्या अखेरीस तयार होते. महाविद्यालयांचे नवे सत्र जूनमध्ये सुरू होते आणि समुदाय-सहभागाचे गट त्यानंतर पाडले जातात. गावाचे दोन-तीन प्रश्न नीट शब्दांत लिहून, ठरावासह, प्राचार्यांच्या टेबलावर पोचवायला मधले चार-पाच आठवडेच कार्यकर्त्यांच्या हाती असतात.